पेढीच्या शेजारी कारखाना

मराठवाडा, विदर्भ किंवा खानदेशातील तालुक्याच्या बाजारपेठेत आजही अनेक जुन्या पेढ्या रोज सकाळी उघडतात. गादीवर वडील बसलेले असतात. मुलगा पुण्यात नोकरी करीत असतो. परिसरातील तूर, कापूस, सोयाबीन कच्च्या स्वरूपातच बाहेर जाते आणि त्यामागोमाग तरुणही गाव सोडतात. मालावर प्रक्रिया जेथे होते, तेथेच रोजगार राहतो. प्रादेशिक असमतोल या जड शब्दाचा घरगुती अर्थ एवढाच आहे.

महाराष्ट्र शासनाने या प्रश्नाची दखल फार पूर्वी घेतली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटणारे उद्योग मागास भागाकडे वळावेत, या हेतूने १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू झाली. तिचे तत्त्व सोपे आहे : तालुका जितका मागास, तितकी सवलत अधिक. त्यासाठी तालुक्यांची अ, ब, क, ड आणि ड+ अशी वर्गवारी करण्यात आली. पुढे १९८४ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण अशा क्षेत्रांतील अनुशेष मोजून दाखविला. केवळ करसवलत पुरेशी नसते, पायाभूत सोयीही हव्यात, हा त्या मोजणीचा बोध होय.

व्यापारी कुटुंबाला अधिक जवळची ठरते ती केंद्राची पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ही योजना. पूर्वीच्या दोन योजना एकत्र करून ती २००८ मध्ये आली. २०२२ च्या सुधारणेनुसार उत्पादन उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा ५० लाख रुपये व सेवा उद्योगासाठी २० लाख रुपये आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग यांच्याप्रमाणे अल्पसंख्याकांचाही विशेष प्रवर्गात समावेश होतो. २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्याने ही तरतूद समाजातील होतकरूंनाही लागू पडते.

एक हिशेब पाहावा. ग्रामीण भागात २० लाखांचा डाळ प्रक्रिया प्रकल्प उभारायचा आहे. विशेष प्रवर्गातील अर्जदाराचा स्वतःचा वाटा ५ टक्के, म्हणजे १ लाख. उरलेले १९ लाख बँक देते. ३५ टक्के अनुदान, म्हणजे ७ लाख रुपये, हातात पडत नाहीत. ते तीन वर्षे अर्जदाराच्या नावे बँकेत ठेव म्हणून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर आकारलेही जात नाही. तीन वर्षांनंतर उद्योग प्रत्यक्ष चालू असल्याची खातरजमा झाली, की ती रक्कम कर्जखाती जमा होते. जमिनीची किंमत मात्र प्रकल्प खर्चात धरता येत नाही.

या रचनेतील इशारा लक्षात घेण्याजोगा आहे. अनुदान उद्योग सुरू करण्याचे बक्षीस नसून तो टिकविल्याचे फळ आहे. मोठ्या उद्योगांच्या बाबतीतही वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून राज्याच्या वाट्याचा कर आधी भरावा लागतो, परतावा नंतर मिळतो. परतावा हे उद्याचे धन आहे; मजुरी आणि वीजबिल आजच द्यावे लागते. ज्याचा ताळेबंद अनुदान वगळल्यावर तोट्यात जातो, त्याने उद्योग काढण्याची घाई करू नये. तीन वर्षांत बंद पडलेला कारखाना कर्ज मागे ठेवून जातो आणि कामगार पुन्हा शहराची वाट धरतात.

या योजनेत साध्या खरेदी-विक्रीच्या दुकानाला सामान्यतः स्थान नाही. म्हणजेच व्यापाऱ्याला उत्पादनाचा उंबरठा ओलांडावा लागतो. हे कठीण असले तरी अशक्य नाही. जळगाव जिल्ह्यातील वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये ७ हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलचा व्यापार सुरू केला. पुढे शेतीला लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी घेतल्या. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा जुना कारखाना विकत घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन बनविण्यास त्यांनी प्रारंभ केला. पाइप आणि ठिबक सिंचन त्यानंतर आले. व्यापाराच्या काळात जोडलेली शेतकऱ्यांची ओळख हेच त्यांचे मोठे भांडवल ठरले.

असे भांडवल तालुक्यातील प्रत्येक जुन्या पेढीजवळ असते. कोणत्या शेतकऱ्याचा माल चोख आहे, कोणत्या हंगामात भाव उतरतात, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, हे ज्ञान कोणत्याही शासकीय योजनेतून मिळत नाही. पुण्यातील मुलाकडे हिशेबाचे व यंत्राचे नवे शिक्षण आहे, वडिलांकडे बाजाराची जाण. दोघांनी मिळून जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू नियम समजून घ्यावेत, अनुदान वगळून प्रकल्पाचा हिशेब मांडावा आणि तो जमत असेल तरच पाऊल टाकावे. त्या कारखान्यात गावातील दहा जणांना काम मिळाले, तर दहा घरांतील तरुणांना गाव सोडावे लागणार नाही. त्यांच्याबरोबर पेढीवरचा मुलगाही परतलेला असेल.