पावसाची सर, अनोळखी रस्ता आणि एकटी सायकलवर

मैत्रिणींनो, शाळेत असताना तुमच्यापैकी कितीजणी सायकलनं जात होतात? आणि लग्नानंतर ती सायकल कुठं गेली हो? माहेरच्या जिन्याखाली, की भंगारवाल्याकडे? आज एका अशा बाईची गोष्ट सांगते, जिनं आपली सायकल जिन्याखाली जाऊ दिली नाही.

आयर्लंडमधल्या लिस्मोर गावची डर्व्हला मर्फी. जन्म १९३१ चा. दहाव्या वाढदिवसाला तिला जुनी सायकल आणि नकाशांचं जुनं पुस्तक मिळालं. त्याच सुमारास तिनं मनाशी ठरवलं, सायकलनं हिंदुस्थानला जायचं! पण घरी आई संधिवातानं अंथरुणाला खिळलेली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून डर्व्हला आईच्या सेवेला लागली. अशी सोळा वर्षं गेली. मात्र अधूनमधून चार दिवस सायकलवर भटकून ये, असं आईनंच तिला सुचवलं. बायांनो, अंथरुणावरच्या त्या माउलीचं मन केवढं मोठं! त्या छोट्या फेऱ्यांतच मुलीची भीड चेपली.

१९६२ मध्ये आई गेली. जानेवारी १९६३ मध्ये, युरोपात हाडं गोठवणारा हिवाळा असताना, डर्व्हला फ्रान्सच्या किनाऱ्यावरून एकटी निघाली. पण निघाली ती डोळे मिटून नव्हे बरं का! खराब रस्त्यांवर टिकणार नाहीत म्हणून सायकलचे गिअर तिनं आधीच काढून टाकले होते. जादा टायर वाटेवरच्या शहरांत पुढं पाठवून ठेवले होते. आणि जिथं बर्फात सायकल चालेना, तिथं ती रेल्वेत बसली, ट्रकमध्ये बसली. त्यात तिला कमीपणा वाटला नाही. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत जुलैमध्ये ती दिल्लीला पोचली. पुढं आयुष्यभर ती हिंडत, लिहीत राहिली. २०२२ मध्ये ती वारली.

आपल्याला काही दिल्ली गाठायची नाही. पण बदलीच्या नव्या गावात शाळेत, बँकेत किंवा आजारी नणंदेकडे एकटीनं जायची वेळ येतेच. त्यात पाऊस! तेव्हा या गोष्टी ध्यानात ठेवा.

निघण्यापूर्वी रस्ता नीट विचारून घ्या. वाटेत ओढा, फरशी किंवा घाट आहे का, हेही विचारा. कुठल्या वाटेनं जाणार आणि कधी पोचणार, ते घरी सांगा. पैसे आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. एका हातात छत्री धरून सायकल चालवण्याचा मोह टाळा, रेनकोटच बरा. साडीचा पदर, ओढणी घट्ट खोचा आणि चाकाची जाळी, चेनकव्हर जागेवर आहे ना ते पाहा.

पावसात ब्रेक उशिरा लागतो, कारण रिम आणि रबर दोन्ही ओली असतात. म्हणून उतार येण्याआधीच ब्रेक हलके दाबत राहा, म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जाईल. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून निसरडं होतं. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं यांवर वळू नका. रेल्वेचे रूळ सरळ काटकोनात ओलांडा, नाहीतर उतरून. डबक्याखाली किती खोल खड्डा आहे हे वरून कळत नाही. त्याला वळसाच घाला.

आणि दोन गोष्टींत धाडस मुळीच नको. फरशीवरून पाणी वाहत असेल तर माघारी फिरा. विजा कडाडत असतील तर झाडाखाली उभ्या राहू नका. एखाद्या पक्क्या घराचं दार वाजवा. उशीर झाला म्हणून घरात चार शब्द ऐकावे लागले, तरी चालेल.

घरी आल्यावर सायकल कोरड्या फडक्यानं पुसा, चेनला दोन थेंब तेल द्या, मगच चहाचं आधण ठेवा.

आणि हो, तुमची मुलगी किंवा सून पावसात सायकल काढायला लागली, तर आधी ‘नको’ म्हणू नका. ब्रेक तपासून द्या, रस्ता समजावून द्या आणि जाऊ द्या. लिस्मोरच्या त्या आईनं तरी दुसरं काय केलं होतं?