सुनेवर आळ, म्हातारीला ‘चळ’

‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून आपला समाज मोकळा होतो. तासाभरापूर्वी जेवलेली म्हातारी उंबऱ्यावर बसून ‘सून मला उपाशी ठेवते’ असे सांगते आणि सारी वस्ती त्या सुनेला नावे ठेवते. पेटीतले पैसे स्वतःच कुठेतरी ठेवून विसरलेला म्हातारा पोटच्या पोराला चोर ठरवतो. मग कुजबुज सुरू होते. तिला भिऊन घरचे लोक त्या माणसाला पाहुण्यांसमोर आणत नाहीत, लग्नकार्याला नेत नाहीत. पोरीची सोयरीक जमवायची असते, ‘त्यांच्या घरात वेड आहे’ ही चर्चा नको असते! आजारी एक, कोंडले जाते अख्खे घर. आणि रात्रंदिवस राबणाऱ्या सुनेच्या वाट्याला फक्त आळ.

या आजाराचे नाव डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. त्यातला सर्वाधिक आढळणारा प्रकार अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली तो प्रथम मांडला. त्यांची ती रुग्ण स्त्री दवाखान्यात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. म्हणजे साठीची म्हणही इथे खोटी पडते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. लॅन्सेट आयोगाने २०२४ साली धोका वाढवणारी, पण टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा आहे आणि अपुरे शालेय शिक्षणही आहे! ज्यांच्या हाती पाटीच येऊ दिली नाही, त्या आपल्या आया-आज्यांच्या आजारात कुणी पूर्वजन्मीचे कर्म शोधू नये. हे कर्म कुणाचे, ते आपणास चांगले ठाऊक आहे.

शाळा नाकारल्याचा फटका तपासणीतही बसतो. प्रचलित चाचणीत वाक्य लिहायला, वाचायला, आकृती काढायला सांगतात. शाळेची पायरी न चढलेली धडधाकट बाईही तिथे नापास व्हायची. म्हणूनच १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगड भागात निरक्षरांना देता येईल अशी हिंदी चाचणी तयार झाली. तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा, आई शिकलेली नाही. पूर्वी ती कोणती कामे बिनचूक करायची आणि आता कुठे अडते, तेही सांगा.

पण दवाखान्याआधी पाय वळतात ते अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड किंवा नैराश्य यांनीही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. मांत्रिकाकडे घालवलेले महिने तिथे महागात पडतात. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध मात्र अजून नाही. तिथे लागते ती माणसांची सोबत. सुनेला नावे ठेवणाऱ्या शेजारणीपैकी एकजण दुपारी दोन तास म्हातारीजवळ बसली, तर ती सून निदान रेशनच्या रांगेत निश्चिंत उभी राहील.