पहाटेची धून आणि परदेशचा पाहुणा

एके काळी आमच्या हिंगोलीत कोंबड्याच्या आधी आकाशवाणी आरवत असे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही! रेडिओच्या खरखरीतून तंबोरा आणि त्यावर तरंगणारे व्हायोलिन ऐकू आले, की घरोघर चहाचे आधण चढे. शिवरंजनीची छटा असलेली ती धून आपल्याच कुणा पंडिताची असणार, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तिचे श्रेय दिले जाते वॉल्टर काउफमन या ज्यू संगीतकाराला.

हा गृहस्थ १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड येथे जन्मला, बर्लिन व प्रागला शिकला आणि युरोपवर नाझींची छाया पसरू लागताच १९३४ साली मुंबईस आला. भारतीय संगीताच्या तबकड्या प्रथम ऐकल्या तेव्हा त्याला त्या मुळीच उमगल्या नव्हत्या. पण लक्षावधी माणसांना प्रिय असलेले संगीत निरर्थक कसे असेल? दोष आपल्याच कानाचा, असा त्याने निवाडा केला. केवढे हे मोठेपण!

मुंबईत त्याने चेंबर म्युझिक सोसायटी काढली. चेंबर म्युझिक म्हणजे दिवाणखान्यातली बैठकच म्हणा ना! पियानोवर तो स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. पुढे १९४६ पर्यंत तो आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता.

त्याचा व्हायोलिन-पियानोचा दुसरा सोनाटा, ओपस ४४, मी नातवाच्या मोबाइलवर ऐकला. टोरोंटोच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीच्या कलावंतांनी वाजवलेल्या या सोनाट्याची ध्वनिमुद्रिका २०२० साली निघाली. आमच्या नरसीच्या भजनात पेटी गाणाऱ्याच्या मागून चालते. सोनाट्यातला पियानो मात्र बरोबरीने बोलतो, प्रसंगी हुज्जतही घालतो! त्याच्या पट्ट्यांचे स्वर ठाम, मधे मींड नाही. व्हायोलिनला पडदेच नाहीत. बोट सरकवले की स्वराला स्वर मिळतो. पूर्व-पश्चिमेचा संसार मांडायला याहून साजेसे जोडपे कुठले?

१९४६ साली काउफमनने भारत सोडला. पुढे तो कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचा संचालक झाला, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. १९६८ साली त्याने उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. १९८४ साली तो वारला.

वाचकहो, त्याची धून तुम्हां-आम्हां सर्वांना पाठ आहे. सोनाटा ऐकलेला मला आमच्या गावात दुसरा कुणी भेटलेला नाही. या दिवाळीत फराळानंतर घरच्यांना घेऊन तो एकदा लावा. परका वाटला, तर लगेच बंद करू नका, दुसऱ्यांदा लावा. त्या पाहुण्याने आपल्या संगीतासाठी एवढे तर केलेच होते.