आईची वाकळ आणि जपानचा यांत्रिक सील

मोठ्या माणसाने खेळणे कुशीत घ्यावे, हे ऐकून कुरवंड्यात कुणीही हसेल. पण आषाढाच्या पावसात आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ अंगावर ओढली की मन निवते, ते काय केवळ उबेने? तो स्पर्श ओळखीचा असतो.

स्पर्शाचे हेच काम जपानमध्ये यंत्राकडून करून घेतले जाते. शास्त्रज्ञ ताकानोरी शिबाता यांनी सीलच्या पिलासारखा ‘पारो’ बनविला. कुरवाळले की मऊ केसांखालच्या संवेदकांना ते कळते. तो मान हलवतो, आवाज करतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची बेचैनी कमी करण्यासाठी तो वापरतात. चावण्याची भीती नाही. अमेरिकेत २००९ साली त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. किंमत मात्र हजारो डॉलर्स!

सोनी कंपनीने १९९९ साली ‘आयबो’ हा यांत्रिक कुत्रा काढला. २०१४ मध्ये त्याची दुरुस्ती बंद झाली. पुढे इसुमी येथील कोफुकुजी या बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंसाठी सूत्रपठण झाले. आपल्यापैकी अनेकांना हे कर्मकांड वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. पण दुःख यंत्राला नव्हते, त्याला वर्षानुवर्षे मांडीवर घेणाऱ्यांना होते. आमच्या घरातली वाकळ पार विरली आहे, तरी ती बोहारणीला द्यायला कुणाचा हात होत नाही.