दृष्टीचाही वार्षिक ताळेबंद हवा

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. डोंगर चढून उन्हातून गुहेत शिरले की क्षणभर काही दिसत नाही. मग दृष्टी हळूहळू सावरते. हे काम डोळ्यांतील नेत्रपटल, म्हणजेच डोळ्याचा पडदा करतो. आणि मधुमेह नेमका त्याच पडद्यावर निःशब्दपणे घाव घालतो.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पडद्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या होतात, झिरपू लागतात. पुढे नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून अचानक रक्तस्राव होऊ शकतो. यालाच डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. आरंभी ना वेदना, ना अंधुकपणा. म्हणून ‘मला वहीतले बारीक आकडे स्पष्ट दिसतात’ हा निरोगीपणाचा पुरावा नव्हे. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजेही पडद्याची तपासणी नव्हे.

ही तपासणी बाहुली मोठी करणारे थेंब घालून होते. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच ती करावी आणि पुढे साधारणपणे दरवर्षी, किंवा नेत्रतज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसते. तेव्हा सोबत कोणीतरी असावे, स्वतः गाडी चालवू नये. डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगणे, पडदा ओढल्यासारखे वाटणे किंवा सरळ रेषा वाकडी दिसणे, यांपैकी काहीही जाणवल्यास वर्षाची वाट न पाहता तत्काळ दवाखाना गाठावा. लेसर, डोळ्यात दिले जाणारे इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया यांनी दृष्टी वाचवता येते. मात्र गेलेली दृष्टी पूर्णपणे परत येईलच असे नाही.

साखरेचे नियंत्रण किती मोलाचे, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील डीसीसीटी अभ्यासाने दाखवले. टाइप १ मधुमेहाच्या ज्या रुग्णांच्या डोळ्यांत आधी विकार नव्हता, त्यांच्यात काटेकोर उपचारांमुळे तो उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. रक्तदाब व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू वर्ज्य करणे हेही तितकेच आवश्यक.

आपल्या घरांत एकासना, उपवास, चौविहार सहज घडतात. इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी औषधांची वेळ व मात्रा स्वतः बदलू नये. पर्युषणापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालणे हितकारक आहे. पण पडद्याचा विकार बळावला असेल, तर कचारगडासारखी चढण चढण्यापूर्वी किंवा जड ओझे उचलण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

जीवदयेसाठी पाहून पाऊल टाकावे, ही आपली शिकवण. त्यासाठी दृष्टी शाबूत हवी. दिवाळीत वहीपूजन आपण चुकवत नाही. त्याच सुमारास घरातील प्रत्येक मधुमेही व्यक्तीची नेत्रतपासणीही ठरवून टाकावी. दुकानाचा एक दिवस बुडेल. पण पुढची अनेक वर्षे वही वाचता येईल.