खिदिरपूरची फर्माईश

आमच्या छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर मी आठवड्याला अर्धा तास नाट्यपदं वाजवतो. दर वेळी त्यांना गुंफणारं एक सूत्र लागतं. सुरुवातीला सूत्रं आपोआप सुचतात. नांद्या होतात, पाऊस होतो, रुसवेफुगवे होतात, भीमपलास होतो, स्त्रीपार्टी नटांची पदं होतात. मग निवेदक कोरडा पडतो आणि श्रोत्यांच्या पत्रांकडे आशेने बघू लागतो. अशाच एका पत्रात कलकत्त्याच्या एका मराठी आजोबांनी विचारलं, ‘सांगली केलीत, बडोदं केलंत, धारवाडही केलंत. आमच्या खिदिरपूरवर आहे का काही तुमच्याकडे?’

प्रश्न खोडसाळच होता. खिदिरपूर म्हणजे कलकत्त्याची गोदी, फॅन्सी मार्केटातला परदेशी माल आणि एकेकाळी मैदान ओलांडून येणारी ट्राम. किर्लोस्कर किंवा गंधर्व मंडळींच्या दौऱ्यांशी या वस्तीचा काय संबंध? पण खोडसाळ प्रश्नाला पुराव्यानिशी उत्तर देण्यासारखी मजा नाही. शिवाय माझा एक जुना छंद होता. आकाशवाणीची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना गाण्याच्या मागे पेटी आहे की नाही, एवढंच मी कान देऊन ऐकत असे. का, ते पुढे येईलच. त्या छंदाचा धागा कलकत्त्याकडेच जातो हे मला ठाऊक होतं.

आधी खुद्द खिदिरपूर. इथल्या घरातून शिकायला बाहेर पडलेला मायकेल मधुसूदन दत्त बंगालीत महाकवी झाला, पण त्याच्या बंगाली लेखनाची सुरुवात झाली ती नाटकाने. बेलगाछियाच्या नाट्यशाळेत १८५८ मध्ये ‘रत्नावली’ झालं. क्षेत्रमोहन गोस्वामींनी त्यासाठी देशी वाद्यांचा वाद्यवृंद बसवला होता. पाहुण्या इंग्रजांसाठी त्या नाटकाचं भाषांतर मधुसूदनाने केलं. ते करताना, बंगालीत बरं नाटकच नाही अशी त्याची कुरकुर चालली होती आणि त्या भरात त्याने ‘शर्मिष्ठा’ लिहिलं. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा. मला त्याच देवयानीच्या ‘विद्याहरण’मधली पदं लावायला निमित्त मिळालं आणि अर्ध्या तासातली सात मिनिटं भरली.

खिदिरपूरला लागूनच पश्चिमेला मटियाबुर्ज. अवध खालसा झाल्यावर मे १८५६ मध्ये वाजिद अली शाह कलकत्त्यात उतरला तो इथलाच झाला. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी त्याला फोर्ट विल्यममध्ये डांबलं. सुटल्यावर १८८७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्याने हुगळीकाठी लखनौ पुन्हा उभं करण्याचा खटाटोप केला. गवई, कथकिये, पतंगबाज, प्राणिसंग्रहालय, सगळं आलं. युवराज असताना १८४३ मध्ये याच माणसाने ‘राधा कन्हैया का किस्सा’ रंगमंचावर आणला होता. त्याच वर्षी आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं. योगायोगाच्या पलीकडे याला अर्थ नाही, पण निवेदकाला एवढा पुरतो.

आता ‘इंदरसभा’. लखनौच्या अमानतने लिहिलेली ही गीतनाटिका वाजिद अलीच्या दरबारासाठी होती आणि तो स्वतः इंद्र होऊन बसायचा, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या फिरत आली. मसूद हसन रिझवी अदीब यांनी ती बारकाईने तपासून खोटी ठरवली. दरबारी नव्हे, शहरी लोकांच्या हौसेची ती निर्मिती होती. मला हे खरं उत्तर दंतकथेपेक्षा जास्त आवडतं. पारशी मंडळींनी ‘इंदरसभा’ मुंबईला आणली, गावोगाव नेली. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी तिचा प्रयोग पाहिला आणि मराठीत असं का होऊ नये म्हणून ‘शाकुंतल’ हाती घेतलं, असं आपले नाट्येतिहासकार सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० ला आनंदोद्भव नाटकगृहात पहिले चार अंक झाले. म्हणजे मराठी संगीत नाटकाच्या वंशावळीत लखनौची एक आजी आहे आणि तिचा हद्दपार राजा खिदिरपूरच्या शेजारी पुरला आहे. याच किनाऱ्यावर सुरिनाम घाट आहे. ऊसमळ्यांत राबायला निघालेले गिरमिटिये तिथून जहाजात चढत. ‘इंदरसभा’ कॅरिबियन बेटांवरच्या भारतीयांतही खेळली गेली, म्हणजे या नाटिकेचा प्रवास आपल्या नाटकमंडळ्यांपेक्षा लांबचा.

इथवर अर्धा तास आरामात झाला असता. पण कलकत्त्याची कागदपत्रं चाळताना पेटी आडवी आली आणि खिदिरपूर मागे पडलं.

हार्मोनियम मूळची पॅरिसची, १८४० च्या दशकातली, पायाने भाता दाबून वाजवायची. मांडी घालून बसणाऱ्या देशाला ती गैरसोयीची होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ मध्ये दुकान काढलं आणि त्यांच्या ‘द्वारकिन अँड सन’ने भाता मागे घेऊन हातपेटी घडवली. एका हाताने भाता, एका हाताने सूर. पाश्चात्त्य वाजवणारा डाव्या हाताने जो स्वरमेळ भरतो, त्याची आपल्याला गरज नव्हतीच. आतड्याच्या तारांचं किंवा भोपळ्याचं वाद्य पावसात उतरतं, पेटी उतरत नाही. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या मराठी नाटक मंडळीला याहून सोयीचं काय हवं? पायपेटी, मग ऑर्गन, हे आमच्या पिटाचे मानकरी झाले. बालगंधर्वांमागे कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांसाहेबांचा तबला होता हे खरं, पण सूर धरायला ऑर्गनच. गोविंदराव टेंब्यांनी तर पेटी अशी वाजवली की लोक तिलाच ऐकायला येत. ‘मानापमान’च्या चालीही त्यांच्याच.

या वाद्यावर ज्या माणसाने घाव घातला तो मँचेस्टरचा संगीतकार होता, जॉन फाउल्ड्स. जन्म १८८०. आपल्याकडे त्याचं नाव कुणी घेत नाही. इंग्लंडमध्येही तो दीर्घकाळ विस्मृतीत होता. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्याने रचलेलं ‘वर्ल्ड रेक्विएम’ १९२३ पासून चार वर्षं युद्धविरामदिनी अल्बर्ट हॉलमध्ये झालं आणि मग बंद पडलं. गंमत म्हणजे तो नाटकवाला होता. बर्नार्ड शॉच्या ‘सेंट जोन’साठी संगीत त्याचं, आणि लंडनच्या नाटकांसाठी तो पोटापुरतं बरंच काही लिहीत असे. त्याची पत्नी मॉड मॅकार्थी व्हायोलिनवादक होती. तिने तरुणपणी भारतात हिंडून इथलं संगीत ऐकलं होतं आणि श्रुतींवर ती व्याख्यानं देई. फाउल्ड्स स्वतःही पाश्चात्त्य बारा स्वरांच्या मधल्या फटींत रमणारा. १९३५ मध्ये दोघं भारतात आली. दिल्लीच्या रेडिओवर त्याला पाश्चात्त्य संगीताचा विभाग मिळाला. मग त्याने भारतीय वाद्यांचाही एक वृंद बांधला. ‘इंडियन लिसनर’ या रेडिओच्या पत्रिकेत त्याने हार्मोनियमविरुद्ध लिहिलं: तिचे सूर ठोकळेबाज, समान अंतराने कापलेले, मींड नाही, श्रुती नाहीत, गायक तिच्यावर रेलतो आणि आपला कान गमावतो.

यातला एक शब्दही चूक नाही, आणि तरीही निष्कर्ष चुकला, असं माझं मत आहे. कारण त्याने पेटी कागदावर तपासली. टेंबे, विठ्ठलराव कोरगावकर किंवा पी. मधुकर पेटीवर जे करत ते भात्याचा दाब, बोटाची घसट आणि नेमकी जागा सोडून देणं यांतून येई. पेटीला मींड नसते हे वादकाला पहिल्या दिवशी कळतं. उरलेलं आयुष्य तो ती असल्याचा भास निर्माण करण्यात घालवतो.

१९३९ मध्ये फाउल्ड्सची बदली कलकत्त्याला झाली, तिथला विभाग उभा करायला. तिथे गेल्यावर लवकरच, एप्रिलमध्ये, पटकीने त्याचा मृत्यू झाला. हार्मोनियमवर रेडिओने पुढे घातलेली बंदी त्याने पाहिलीच नाही.

ती आणली लायोनेल फील्डन यांनी. बीबीसीतून आलेला हा रेडिओचा मुख्य नियंत्रक चतुर, तिरसट आणि हार्मोनियमवर मनापासून खार खाणारा. पण परक्या साहेबाने देशी गाण्यातलं वाद्य काढलं तर बोंब होणार. त्याला देशी आधार हवा होता आणि तो जानेवारी १९४० मध्ये मिळाला. रवींद्रनाथांनी कलकत्ता केंद्राच्या अशोककुमार सेनांना पत्र लिहिलं. या सगळ्या शोधात माझ्या हाती आलेला हा सगळ्यांत बोलका कागद. मजकूर अगदी थोडका: हार्मोनियमचा सर्रास वापर मला कायम नापसंत, आमच्या आश्रमातून ती केव्हाच हद्दपार आहे, रेडिओच्या स्टुडिओंतूनही तुम्ही ती काढवलीत तर भारतीय संगीताची मोठी सेवा होईल. १ मार्च १९४० पासून ती निघाली. देशभरातल्या सगळ्या केंद्रांवरून.

रवींद्रनाथांशी भांडायचं म्हणजे धारिष्ट लागतं, पण दोन गोष्टी मांडल्याच पाहिजेत. पहिली, ‘शाकुंतल’नंतर चारच महिन्यांनी, २६ फेब्रुवारी १८८१ ला, जोडासाँकोच्या वाड्यात ‘वाल्मीकिप्रतिभा’ झालं. विशीला टेकलेल्या रवींद्रनाथांच्या या गीतनाट्यात काही आयरिश चालीही होत्या, आणि थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथांच्या पियानोच्या सोबतीने त्या घरातली गाणी रचली जात. पियानोही समान अंतराने कापलेलाच. दुसरी, आज कुठल्याही बंगाली घरात मुलीला रवींद्रसंगीत शिकवायला बाई येतात तेव्हा काय पुढे ओढतात? शांतिनिकेतनात एसराज जपला गेला, पण गल्लीबोळात पेटीच जिंकली.

श्रुतींचं हे भांडण आपल्याकडे तीस वर्षं आधीच होऊन गेलं होतं, तेही एका नाटककाराच्या घरात. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवलांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून त्यांनी मापं घेतली, सातारचे न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स जोडीला आले आणि दोघांनी लंडनच्या मूर अँड मूरकडून बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली. पेटी वाईट आहे ना, मग सुधारू या, ही त्यांची वृत्ती. हाकलून द्या, ही फील्डनची. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत भातखंड्यांच्या बाजूने या पेटीची कठोर तपासणी झाली, झाकिरुद्दीन खाँसारख्या धृपदियांच्या गळ्यापुढे तिची मापं डगमगली. देवल हरले. पण एक भाऊ पदं रचतो आणि दुसरा त्या पदांच्या सुरांची कंपनं मोजतो, असं घर दुसरीकडे सापडणं कठीण.

बंदी एकतीस वर्षं टिकली. स्वातंत्र्य आलं, साहेब गेला, पेटी बाहेरच राहिली. नेहरूंनाही ती खपत नसे. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री म्हणून आले ते मराठीच, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. त्यांनी उलट सिनेमाची गाणीही आकाशवाणीवरून जवळजवळ हटवली, आणि देशभरचे श्रोते रेडिओ सिलोन लावू लागले. १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. केसकरांना शास्त्रीय संगीताची खरी जाण होती, नामवंत गायकवादकांना त्यांनी राष्ट्रीय कार्यक्रम मिळवून दिला, हे मान्य. पण लोकांच्या कानाला काय गोड लागावं हे परिपत्रकाने ठरवता येतं, असं या सज्जनांना का वाटलं असेल?

आणि पु. ल. देशपांडे! पेटी ज्यांच्या बोटांत होती, बालगंधर्वांचं नाव निघताच ज्यांचा गळा दाटून येई, ते पुल १९५५ मध्ये आकाशवाणीत नोकरीला लागले. रोज ज्या इमारतीत ते जात, तिथल्या ध्वनिमुद्रणात त्यांच्या आवडत्या वाद्याला मज्जाव होता.

१९७१ मध्ये अटी घालून साथीसाठी पेटी परत आली. एकल वादनाला आणखी कित्येक वर्षं थांबावं लागलं. मधल्या काळात रेडिओवरच्या नाट्यपदांना व्हायोलिन, सारंगी, क्लॅरिओनेट अशी साथ मिळे. ग्रामोफोन कंपन्यांना मात्र बंदी लागू नव्हती, त्यामुळे तबकडीवर पेटी आणि रेडिओवर पेटी नाही, असा दुजाभाव तयार झाला. माझ्या छंदाचं मूळ हेच. फितीवर तारीख नसली तर मी आधी सूर कोण धरतंय ते ऐकतो. आकाशवाणीची फीत आणि मागे पेटी असेल, तर बहुधा १९७१ नंतरची. साथीदारांची नावं निवेदनात क्वचितच असतात, म्हणून हा ठोकताळा कामाला येतो. गायिकेचं नाव, कवीचं नाव, संगीतकाराचं नाव सांगून आमचे निवेदक थांबतात. मी थांबत नाही, म्हणून अधूनमधून केंद्रप्रमुख मला वेळेची आठवण करून देतात.

खिदिरपूरच्या भागात शेवटी मी एकच पद दोनदा लावलं: एकदा तबकडीवरचं, पेटीसह, आणि लगेच त्याच गायिकेचं रेडिओवरचं, नुसत्या सारंगीवर. श्रोत्यांना पसंती विचारली. पेटीचा पक्ष सहज जिंकेल अशी माझी खात्री होती. पत्रं जवळजवळ निम्मी निम्मी आली. जुनी नाटकं प्रत्यक्ष पाहिलेल्या एका काकूंनी लिहिलं की पेटी नव्हती तेव्हा त्यांना त्या पदाचे शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आले. ते पत्र मी अजून कार्यक्रमात वाचलेलं नाही.