वाट पाहणाऱ्या हातांची कला

नगरच्या किल्ल्याचे नाव निघाले की पंडित नेहरूंचा बंदिवास आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ ओघाने येतेच, आणि ते यायलाही हवे. पण 1942 च्या चाळीस वर्षे आधी याच गावात समुद्रापलीकडून आणलेले कैदी दिवस मोजत होते. नागापूरच्या एमआयडीसीत किंवा भिंगारच्या बाजारात त्यांचे नाव कुणी काढत नाही. ते होते दक्षिण आफ्रिकेतले बोअर, म्हणजे बंदूक हाती घेतलेले शेतकरी.

इंग्रज आणि बोअर यांच्यातले युद्ध ऑक्टोबर 1899 ते मे 1902 असे चालले. पकडलेले बोअर जवळपास ठेवले तर निसटून पुन्हा लढायला उभे राहतील, म्हणून इंग्रजांनी त्यांना जहाजांत घालून दूर पाठवले. सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा आणि भारत मिळून सुमारे पंचवीस हजार माणसे अशी हलवली गेली. भारताच्या वाट्याला त्यांतले नऊ हजारांच्या आसपास आले. अहमदनगर, सातारा, त्रिचनापल्ली, बेल्लारी, अंबाला अशा अनेक ठिकाणी त्यांच्या छावण्या होत्या.

या माणसांपुढे मुख्य प्रश्न होता तो वेळेचा. खिशातला चाकू, खोक्याची फळी आणि स्वयंपाकघरातून मिळालेले हाड किंवा शिंग एवढ्या भांडवलावर जगभरच्या बोअर छावण्यांत कोरीवकाम सुरू झाले. लाकडी पेट्या, हातातल्या काठ्या, चिलमी, केसांत किंवा पोशाखावर लावायच्या पिना, मुलांसाठी बैलगाड्या. बर्म्युडात तिथला सुवासिक सीडर कामी आला. नक्षीबरोबर छावणीचे नाव, साल आणि बुडालेल्या दोन्ही बोअर प्रजासत्ताकांची राजचिन्हे कोरलेली असत. राज्य गेले होते, पण त्याची मुद्रा डबीच्या झाकणावर टिकून राहिली. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनच्या युद्धसंग्रहालयात अशा वस्तू जपून ठेवल्या आहेत.

युद्ध संपले तरी सुटका लगेच झाली नाही. इंग्रज राजाशी निष्ठेची शपथ घेईल त्यालाच परतीचे जहाज मिळे. काही कैदी शपथ घेणार नाही म्हणून अडून बसले. त्यांची समजूत काढायला डिसेंबर 1903 मध्ये बोअरांचे नावाजलेले सेनापती कूस दे ला रे स्वतः भारताच्या वाटेला लागले.

पुढे 1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच भारतात राहणारे जर्मन धरले गेले आणि नगरला मोठी छावणी उभी राहिली. 1917 मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी ती पाहून गेले. त्याच काळात इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर, नॉकॅलोच्या छावणीत, वीस हजारांहून जास्त कैदी होते. गुरांच्या नळीच्या हाडांच्या फुलदाण्या ही तिथली खास चीज. हाड आधी उकळून त्यातली चरबी काढायची, वाळवायचे, कानशीने घासायचे आणि मग त्यावर गुलाबाची पाकळी न पाकळी कोरायची. इंग्रजांच्या ताब्यातले तुर्की कैदी रंगीत मण्यांचे साप विणत आणि त्यांच्या अंगावर ‘तुर्की कैदी’ आणि साल ही अक्षरे मण्यांनीच ओवत. त्याहून शंभर वर्षे मागे, नेपोलियनच्या युद्धात इंग्लंडमध्ये अडकलेल्या फ्रेंच कैद्यांनी नॉर्मन क्रॉसच्या छावणीत हाडांची छोटी जहाजे केली होती, शिडाच्या दोऱ्यांसकट.

या साऱ्याला इंग्रजीत ‘ट्रेंच आर्ट’, म्हणजे खंदकातली कला, असे नाव पडले, आणि ते फसवे आहे. गोळ्या सुटत असताना खंदकात नक्षी कोण काढणार? तोफगोळ्याच्या पितळी पुंगळीवरचे काम तर पिछाडीच्या कार्यशाळेतलेच. पुंगळी तापवून मऊ करायची, आत राळ किंवा शिसे ओतायचे, नक्षी रेखून तिच्याभोवतीची जागा ठोकत बसायचे. उठावाचे काम करणारे आपले कारागीरही पत्र्याखाली राळच घेतात. पुंगळी उलटी केली की बुडाशी कारखान्याची खूण आणि साल दिसते. ते साल गोळा बनल्याचे असते, नक्षीचे नव्हे. कित्येक पुंगळ्या युद्धानंतर फ्रान्स-बेल्जियमच्या गावकऱ्यांनी पर्यटकांसाठी कोरल्या.

ही कला शौर्यातून येत नाही, असे मला ठामपणे वाटते. ती येते पोटात अन्न आणि हातात रिकामा वेळ असताना. याची उलट बाजू आपल्याच माणसांनी भोगली आहे. याच महायुद्धात मेसोपोटेमियात तुर्कांनी घातलेला कुतचा वेढा 147 दिवस चालला. 29 एप्रिल 1916 रोजी सहाव्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली. तीत 103 आणि 110 मराठा लाइट इन्फंट्री आणि 117 मराठा या पलटणी होत्या. तुर्कांच्या हाती सुमारे तेरा हजार कैदी लागले. साध्या शिपायांना उपाशीपोटी वाळवंटातून पायी हाकलले आणि कित्येकांना बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. वाटेत माणसे पटापट मेली. त्यांच्या हातांतही कसब होतेच. गावाकडे त्यांतल्या कुणी नांगर घडवला असेल, कुणी देव्हारा कोरला असेल. ते दाखवायला त्यांना बसायची जागाही मिळाली नाही. नगरच्या कैद्याची डबी पाहताना ही माणसेही मला आठवतात.

लष्करी परंपरेच्या घरांत पुंगळीची फुलदाणी किंवा राखदाणी आजही सापडते. नगरजवळच्या के. के. रेंज या लष्कराच्या गोळाबार सरावाच्या मैदानावर मात्र असे काही शोधायला जाऊ नये. तिथे भंगार वेचताना स्फोट होऊन माणसे गेली आहेत, आणि पडलेला गोळा जिवंत आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही. घरात आधीपासून असलेली वस्तू दिवाळीच्या साफसफाईत हाती आली तर ती चिंच किंवा पितांबरीने घासू नका. दरवर्षीच्या घासण्याने बारीक अक्षरे आधी जातात. उजेड तिरपा धरा, नाव, पलटण, गाव, साल जे दिसेल ते टिपून घ्या, फोटो काढा आणि ती कुणी आणली हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना याच सुट्टीत विचारा.